सत्तेचाळीस नंबरचा अंदाज

जन्मात मी अंडं फोडलेलं नाही. आमच्या घरात ते आणायचंच नाही असा दंडक होता, आणि पुढे पुणं सुटलं, देश सुटला, तरी हाताला ती सवय काही लागली नाही. पण गेली सहा वर्षं दर शनिवारी सकाळी बरोबर आठ वाजता मी हौगांगच्या बाजारात एका अंडीवालीच्या गाळ्यासमोर उभी असते आणि तीस अंड्यांच्या ट्रेचा भाव वाचते. वाचते म्हणजे खरंच वाचते. पुठ्ठ्याच्या पाटीवर जाड मार्करनं लिहिलेला आकडा, मोबाइलवर त्याचा फोटो, आणि तो फोटो ऑफिसला. एवढी शिकली आणि सिंगापुरात जाऊन अंडी मोजते, असं माझी मावशी अजून म्हणते. तिला समजवायचं मी सोडून दिलंय.

इथे एकदाच सांगते. आमची कंपनी अन्नपदार्थ आयात करणाऱ्यांना भावांचे अंदाज पुरवते. त्यासाठी मोठमोठी मॉडेलं आहेतच, पण जोडीला ऑफिसात एक अंदाजांचा बाजार चालतो. येत्या शनिवारी अंड्यांचा ट्रे अमुक आकड्याच्या वर जाईल का? ज्याला वाटतं जाईल त्यानं ‘हो’ घ्यायचं, ज्याला वाटत नाही त्यानं ‘नाही’. खऱ्या पैशांनी हे खेळायला इथे कायद्यानं बंदी, म्हणून नुसते गुण. कोणाचं नाव दिसत नाही, फक्त नंबर दिसतो. भिंतीवर एक फलक आहे, त्यावर सगळे नंबर एकाखाली एक, आणि ज्याचा व्यवहार झाला त्याच्यापुढे हिरवा ठिपका लागतो. यातले दोन नियम सांगते, ते पुढे लागतील. तीन आठवडे हालचाल केली नाही तर खातं बंद होतं, म्हणून रजेवर जाणारा माणूस पुढच्या शनिवारांच्या ऑर्डरी आधीच लावून जातो. आणि गुण शून्यावर आले की नंबर फलकावरून पुसला जातो.

भाव वाचायला कोणीतरी लागतं. ते काम मला दिलं आमच्या दादांनी. दादा म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी मोठे सहकारी, मूळचे नाशिकचे. ऑफिसात सगळे त्यांना नावानं हाक मारायचे, पण मला ते जमेना, म्हणून मी दादा म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला वहिनी. “जी बाई अंडं खातच नाही ती भावात लबाडी कशाला करेल?” असं ते मीटिंगमध्ये म्हणाले, आणि माझी नेमणूक झाली. मी चिडले होते. मग त्यांनी तोडगा काढला. ते हौगांगातच राहायचे, बाजारापासून दोन ब्लॉक सोडून. दर शनिवारी आठला तेही गाळ्यावर यायचे, मी फोटो काढायची आणि ते ट्रे विकत घ्यायचे, म्हणजे फुकट फोटो काढते म्हणून अंडीवाली कुरकुर करायला नको. आले की ठरलेलं वाक्य: “काय बाई, आज काय म्हणतंय अंडं?” मी आकडा वाचायची. मग कोपऱ्यावरच्या टेबलाशी कॉफी, आणि त्यांचा नंबर सत्तेचाळीस त्या आठवड्यात जिंकला की नाही याची चर्चा. बहुतेक वेळा जिंकलेला असायचा.

एका मंगळवारी सकाळी, ऑफिसला निघालेले दादा एमआरटी मेट्रो स्टेशनच्या बाकावर बसले आणि उठले नाहीत. हृदय बंद पडलं. अॅम्ब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं.

त्या सकाळी घरी काय झालं ते वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर प्रत्येक भेटीत सांगत राहिल्या. दादा छातीत जळजळतंय म्हणाले होते. वहिनी म्हणाल्या, काल बाहेरचं खाल्लंत ना, ॲसिडिटी आहे. त्यांनी जिरं उकळून पाणी दिलं, स्टीलच्या पेल्यात, आणि म्हणाल्या, हे प्या आणि जा, बरं वाटेल. दादांनी निमूट प्यायलं आणि गेले. “मी पाठवलं गं ह्यांना,” त्या म्हणायच्या. “बसा म्हणायला हवं होतं मी, डॉक्टरकडे जाऊ म्हणायला हवं होतं. पण मी जिरंपाणी दिलं आणि पाठवलं.” असं नसतं वहिनी, एवढंच मी म्हणत राहिले. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. त्या कुटुंबाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळालेला होता म्हणून त्या आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी इथेच राहू शकल्या, पण वहिनी खऱ्या अर्थानं त्या मंगळवारच्या सकाळीच अडकून पडल्या होत्या.

पुढच्या शनिवारी मी गाळ्यावर गेले. अंडीवालीनं माझ्या मागे बघितलं, मग माझ्याकडे. ही साठीची चिनी बाई, तिचं इंग्रजी मोजून वीस शब्दांचं. “युवर फ्रेंड?” तिनं विचारलं. आणि मी, देव जाणे का, म्हणाले, “बिझी.” एका अंडीवालीला खरं सांगायला माझं काय जात होतं? पण तोंडातून तेच आलं. तिनं ट्रेवर दुसरा ट्रे पालथा घालून गुलाबी दोरीनं दुहेरी बांधला, दादांना लागायचा तसा, आणि माझ्या हातात दिला. मी तो घेऊन वहिनींकडे गेले. नाही कसं म्हणणार? तेव्हापासून दर शनिवारी माझ्या हातात तो ट्रे आणि वहिनींच्या फ्रीजमध्ये अंडी.

त्या सोमवारी ऑफिसात फलकाकडे सहज नजर गेली. सत्तेचाळीसपुढे हिरवा ठिपका होता.

आधीची ऑर्डर असेल, मी मनाशी म्हटलं. असतेच एखादी राहिलेली. जिंकलेही होते. मला उलट बरं वाटलं, जाता जाता एक डाव मारून गेले म्हणून. पण पुढच्या सोमवारी पुन्हा ठिपका, त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. प्रत्येक वेळी बरोबर. तिसऱ्या आठवड्यात तर भाव वाढायचं काहीच कारण नव्हतं. कुठला सण नाही, रोगराईची बातमी नाही, सगळं ऑफिस ‘नाही’वर बसलं होतं. एकटा सत्तेचाळीस ‘हो’वर. शनिवारी मी गेले तर नेहमीची अंडी आलेलीच नव्हती, फक्त मोठी तपकिरी होती आणि ती महाग होती. का आली नाहीत, असं विचारलं तर अंडीवालीनं खांदे उडवले. मी फोटो काढला आणि पाठवायच्या आधी दोनदा पाटीशी ताडून बघितला.

तोवर चिनी लोकांचा भुतांचा महिना, आपल्या पितृपक्षासारखा, सुरू झाला होता. आमच्या ब्लॉकखाली लोखंडी डबे आले, त्यात लोक कागदाचे कपडे आणि कागदाचे मोबाइल जाळत होते, गवतावर मेणबत्त्यांच्या शेजारी संत्री आणि भाताच्या वाट्या ठेवत होते. दरवर्षी बघते मी हे, आणि दरवर्षी धुरानं गॅलरीतले कपडे खराब होतात म्हणून वैतागते. त्या वर्षी वैतागले नाही, कपडे आत घेतले आणि दार लावून बसले.

त्याच महिन्यातल्या एका शनिवारी मी मुद्दाम मनाशी ठरवून गेले होते की आज हे थांबणार. सत्तेचाळीसनं भाव उतरेल असं म्हटलं होतं. गाळ्यावर पोचले तर पाटीवर गेल्या आठवड्याचाच आकडा. एक पैसा कमी नाही. खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. चुकले दादा, म्हणजे गेले दादा, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात आलं. मी मोबाइल वर केला तेवढ्यात अंडीवाली म्हणाली, “वेट, वेट,” आणि तिनं पाटी उलटी केली. मागच्या बाजूला नवा भाव लिहून तयार होता, कमी. रोज सकाळी उलटायची विसरते म्हणाली. आणि मग दोरी बांधता बांधता, मान खाली घालूनच, “युवर फ्रेंड कम ऑलरेडी. अर्ली अर्ली. सी प्राइस, गो.”

मी तिथेच उभी राहिले. दुसरा कोणी भारतीय माणूस असणार, तेवढ्या वयाचा, तसाच चष्मेवाला. तिला सगळे सारखेच दिसत असतील. पण नाही, दादा येऊ शकत नाहीत, असं म्हणायची सोय मी माझ्या हातानं घालवली होती. ते कामात आहेत असं मीच सांगत आले होते. मी “ओके” म्हणाले आणि ट्रे उचलला. वहिनींच्या लिफ्टमध्ये मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही, आणि लिफ्टमध्ये मी एकटीच होते.

वर वहिनींनी फ्रीज उघडला तर तो अंड्यांनीच भरलेला. त्यांची मुलगी इथल्या पोरांसारखा ‘लाह’ लावत म्हणाली, “आंटी, वी कान्ट फिनिश लाह. एव्हरीवन इन माय क्लास ऑलसो सिक ऑफ एग सँडविच.” वहिनी तिला गप्प करून माझ्यासाठी चहा टाकायला लागल्या. ओट्यावर तो स्टीलचा पेला उपडा घातलेला होता, घासून लख्ख. त्यात कोणी काही प्यायचं नाही. रोज घासायचा आणि ठेवायचा.

कोणीतरी दादांचा पासवर्ड वापरतंय, याची मला आता खात्रीच पटली. संताप संताप झाला. ऑफिसात बाजाराची व्यवस्था बघणारी एक स्थानिक बाई आहे, निवृत्तीला टेकलेली, तिच्या टेबलावर जाऊन मी चारचौघांत आवाज चढवला. मेलेल्या माणसाच्या खात्यावर खेळायला लाजा नाही वाटत का कोणाला, त्या खात्याची नोंदवही काढ आणि आत्ता काढ. तिनं माझ्याकडे बघितलं, फलकाकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “धिस मंथ डोन्ट डिस्टर्ब लाह. नेक्स्ट मंथ.” मी कितीही बडबडले तरी ती हलली नाही. तिनं महिना पूर्ण होऊ दिला, आणि त्यावर आणखी काही आठवडे या ना त्या कारणानं टाळलं. ऑक्टोबरात एका दुपारी तिनं मला बोलावून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

कोणी पासवर्ड चोरला नव्हता. सगळ्या ऑर्डरी दादांनी स्वतः लावल्या होत्या, त्यांच्याच मशीनवरून, एकाच दुपारी, जाण्याच्या तीन आठवडे आधी. डिसेंबरपर्यंतचा एकेक शनिवार. तो गुरुवार मला आठवत होता. दादा अर्धा दिवस उशिरा आले होते, चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो म्हणाले होते, आणि मी त्यांना म्हटलं होतं, मग नवीन फ्रेम घ्या की, ही शोभत नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते मान वर न करता टाइप करत होते.

“बट धिस लास्ट वन,” ती बाई म्हणाली, “नॉट इंग्लिश. व्हॉट ही से?”

शेवटचा प्रश्न अंड्यांचा नव्हता, तो त्यांनी स्वतःच मांडलेला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. त्यावर दोनच खाती व्यवहार करू शकतील असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, सत्तेचाळीस आणि बारा. बारा म्हणजे मी. प्रश्न असा होता:

‘आज डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन लगेच करा, थांबू नका. मी डिसेंबरात घरी जाऊन करायचं ठरवलंय, तिकिटं काढतो. घरी सांगितलेलं नाही, उगाच घाबरतील. मधेच काही झालं तर बाई हे माझ्या बायकोला सांगेल का? मुदत: त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवशीचा शनिवार. निकाल बाईनंच द्यायचा.’

खाली त्यांची ऑर्डर होती. होते नव्हते तेवढे, आणि पुढच्या शनिवारी जिंकतील तेही, सगळे गुण ‘नाही’वर.

“व्हॉट ही से?” तिनं पुन्हा विचारलं. “एग्ज,” मी म्हणाले. “ऑल्सो एग्ज.”

खुर्चीत येऊन बसले तेव्हा रडू यायच्या ऐवजी माझं डोकं फिरलं. ऑपरेशन लगेच करा म्हणाले, आणि हे निघाले डिसेंबरची वाट बघायला. पण मला ठाऊक होतं, आपण सगळे हेच करतो. दाढ दुखली, दिवाळीत पुण्याला गेल्यावर बघू. गुडघ्याचा एमआरआय, भारतात करू, तिथले डॉक्टर ओळखीचे आहेत, भाऊ सोबत येईल, आई डबा देईल. इथली चकचकीत हॉस्पिटलं सोडून आपलं दुखणं आपण बॅगेत भरून घरी न्यायला ठेवतो. दादांनी हृदय ठेवलं होतं. एवढा अंदाजांत मुरलेला माणूस, आणि स्वतःच्या बाबतीत असला हिशेब.

दुसरा राग त्या ‘नाही’चा होता. कारण माझ्या वडिलांची गोष्ट मी दादांना त्याच गाळ्यापाशी, कॉफी पिताना सांगितली होती. मला फोन आला होता की बाबांना जरा बरं नाही, येऊन जा. मी त्यांच्यासाठी रक्तदाबाचं मशीन विकत घेतलं, विमानात मांडीवर घेऊन बसले, आणि घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. बाबा आदल्या दिवशीच गेले होते. एवढ्या लांबून येणार, प्रवासात त्रास नको, म्हणून सांगितलं नाही म्हणे. ते मशीन खोक्यातून मी कधी काढलंच नाही. मी दादांना म्हटलं होतं, मी हे कोणाशी कधी करणार नाही. आणि हे ऐकून घेतलेल्या माणसानं सगळे गुण लावून सांगितलं होतं की करशील.

मी तिथल्या तिथे ‘हो’ घेतलं. बारा नंबरच्या नावावर, रागाच्या भरात. व्यवहार झाला, सत्तेचाळीसपुढे ठिपका लागला आणि माझ्यापुढेही.

आणि मग शनिवार आला, मी ट्रे घेऊन वर गेले, वहिनींनी चहा दिला, जिरंपाण्याची गोष्ट सांगितली, आणि मी म्हणाले, असं नसतं वहिनी.

सांगितलं की त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं. जिरंपाण्यानं काही झालेलं नव्हतं, डॉक्टरांनी तीन आठवडे आधीच सांगितलेलं होतं. पण त्याच वाक्यात मी हेही सांगणार होते की तुमच्या नवऱ्यानं तुमच्यापासून एवढी गोष्ट लपवली, रोज तुमच्या शेजारी झोपून लपवली. एक काढून दुसरं द्यायचं. कुठलं जड, ते मी कोण ठरवणार? पुढच्या आठवड्यात सांगू, असं म्हणून मी लिफ्टनं खाली यायची. पुढच्या आठवड्यात मुलीची तोंडी परीक्षा असायची. त्याच्या पुढच्या आठवड्यात वहिनींचा चेहरा जरा बरा दिसायचा, मग वाटायचं आज नको. बसमध्ये कोणी रांग मोडली तर मी चारचौघांत भांडते, आणि इथे तोंडाला कुलूप. दर सोमवारी फलकावर सत्तेचाळीस वर वर चढत होता. मला त्या ठिपक्याची भीती वाटायला लागली. अंड्यांचे सगळे अंदाज त्यांचे बरोबर येत होते, आणि मी त्यांचा शेवटचा अंदाज होते.

एकदा वाटलं, पाटीसारखंच हे. माझ्या मागच्या बाजूला त्यांनी आधीच लिहून ठेवलंय, आणि मी समोरची बाजू दाखवत हिंडतेय.

मुदतीचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मुलगी दादांनीच काढलेल्या तिकिटांवर भारतात जाणार होत्या. तीन तिकिटं होती, दोन वापरणार होत्या. मी आठला भाव वाचला. दादांची अंड्यांवरची शेवटची ऑर्डरही बरोबर आली. अंडीवालीनं न विचारता ट्रे बांधायला घेतला तेव्हा मी म्हणाले, आज नको. आज हातात काही नको होतं मला. रिकाम्या हातांनी मी वर गेले.

वहिनी बॅगा भरत होत्या. मुलगी खाली मैत्रिणींना भेटायला गेली होती. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, “अंडी नाहीत आज?” मी म्हणाले, “नाहीत. वहिनी, बसा. दादांना माहीत होतं.” एवढं एक वाक्य बाहेर पडलं आणि मग बाकीचं थांबवता आलं नाही. गुरुवार, चष्म्याचा बहाणा, डॉक्टर, ऑपरेशन, डिसेंबर, सगळं सांगितलं. फक्त पैजेचं सांगितलं नाही, मग तेही सांगितलं.

वहिनी बॅगेच्या कडेवर हात ठेवून बसल्या होत्या.

“गुरुवारी संध्याकाळी आले ते तिकिटं काढली म्हणत आले,” त्या म्हणाल्या. “या वेळी महिनाभर राहू म्हणाले. मी इतकी खूश झाले की त्यांना शिरा करून घातला.” मग म्हणाल्या, “म्हणजे जिरंपाणी…”

“नाही वहिनी. त्याचा काही संबंध नव्हता.”

त्या उठल्या, ओट्याशी गेल्या, पेला उचलला. मला वाटलं आता फेकतील. त्यांनी तो नळाखाली धरला, पाण्यानं भरला आणि उभ्यानं प्यायल्या. सगळा. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तुला कधी कळलं?”

“ऑक्टोबरात.”

“किती शनिवार झाले?”

त्यांनीच मोजले, बोटांवर, ओठ हलवत. “सात,” त्या म्हणाल्या. “सात शनिवार मी तुला सांगत होते की मी ह्यांना मारलं. आणि तू ऐकत होतीस. अंडी ठेवत होतीस आणि ऐकत होतीस.”

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या शांतपणे बोलल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “जा तू आता. मला बॅगा भरायच्या आहेत.” मी चपला घातल्या आणि आले.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. निकाल मीच द्यायचा होता. तिनं सांगितलं का? मुदतीच्या आत, हो. सात शनिवार उशिरानं, पण तो रकाना फॉर्ममध्ये नव्हता. ‘हो’ भरायच्या आधी मी किती वेळ बसले ते आठवत नाही, कारण ते भरलं की काय होणार हे मला माहीत होतं. त्यांचे सगळे गुण ‘नाही’वर होते. दर सोमवारी ज्या ठिपक्याची मला भीती वाटायची, त्याची मला सवयही झाली होती. कुठेतरी अजून तेवढे हलत होते ते. मी ‘हो’ भरलं. सत्तेचाळीसपुढे एकदा हिरवा ठिपका लागला, आकडा शून्य झाला, आणि ती ओळच गेली. खालचे सगळे नंबर एकेक पायरी वर सरकले. तिथे कधी कोणी होतं हे नव्या माणसाला कळलंही नसतं.

गेल्यापासून एकदाच चुकले ते, असं मी ऑफिसातल्या त्या बाईला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “ही नो यू, या?” ओळखत होते ना ते तुला. मला कोणी ‘तू हे करणार नाहीस’ म्हटलं की मी तेच करून दाखवते, हे दादांना सहा वर्षांत दहादा दिसलेलं होतं. मग त्यांना खरंच ‘नाही’ वाटत होतं, की मला डिवचायला त्यांनी होते नव्हते ते पणाला लावलं? दोन्हीपैकी कुठलंही असलं तरी वहिनींचे सात शनिवार माझ्याच नावावर राहतात.

महिनाभर वहिनींचा फोन नाही, मेसेज नाही. मी केले त्यांना उत्तर आलं नाही. शनिवारी मी भाव वाचायची आणि ट्रे न घेता परत फिरायची. अंडीवाली कुरकुर करायला लागली होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी आठला गाळ्यावर पोचले तर दादा उभे राहायचे त्या जागी वहिनी उभ्या होत्या. कधी बाजारात आलेल्या नव्हत्या त्या, शनिवारचा बाजार दादांचाच असायचा. त्यांना बघून अंडीवालीनं माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, “युवर फ्रेंड, स्टिल बिझी?” वहिनींनीच उत्तर दिलं. “माय हजबंड,” त्या म्हणाल्या, “ही डाइड. लास्ट इयर.” अंडीवालीचा दोरी बांधणारा हात थांबला. तिनं वहिनींकडे बघितलं, मग आमच्या दोघींच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी कुठेतरी बघितलं, आणि मान हलवली. मग कात्री घेऊन ती गुलाबी दोरी कापली.

“टेन ओन्ली,” वहिनी तिला म्हणाल्या. दहाच. तिनं दहा अंडी पिशवीत घातली.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी हातात घेऊन त्या पाटीकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, “काय बाई, आज काय म्हणतंय अंडं?”

मी त्यांना भाव वाचून दाखवला.